एका शहरात चार साहेब: सक्तीच्या भरतीत सेनापती आपसात का भांडतात?

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी वर्षअखेरीच्या पत्रकार परिषदेत सांगितलं की, सैन्याने आणखी साडेचार ते पाच लाख माणसं भरती करण्याचा प्रस्ताव दिला आहे. आठवडाभरात सरसेनापती झालुझ्नी पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, असा कुठलाही आकडा आम्ही मागितलेला नाही. पाच लाख म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम शहर. एवढी माणसं घरातून उचलायची, आणि ती मागितली कोणी, यावरच देशातल्या सर्वांत वरच्या दोघांचं जुळत नाही.

अशी बातमी वाचली की आपल्याला वाटतं, समोर शत्रू उभा असताना ही मंडळी भांडत कशी बसतात? युक्रेनचं युद्ध ताजं आहे, त्याचे कागद अजून बंद कपाटात आहेत. म्हणून हे कोडं सोडवायला आपण १८६३ सालच्या अमेरिकेत जाऊ. तिथे यादवी युद्ध चालू होतं, उत्तर आणि दक्षिण दोन्ही बाजूंनी सक्तीची भरती केली, आणि दोन्हीकडे वरिष्ठ अधिकारी हुकूम कोणाचा चालणार यावरून भांडले. उत्तरेतलं भांडण एका जळत्या शहरात झालं, दक्षिणेतलं मुख्यतः कागदावर. माझ्या मते कागदावरचं जास्त महाग पडलं.

## घर आणि पलटण यांच्या मधला रस्ता

सक्तीची भरती म्हणजे सरकारने कायदा करून ठरावीक वयाच्या माणसांना सैन्यात यायला भाग पाडणं. ऐकायला सोपं आहे. पण माणूस घरात असतो आणि पलटण शेकडो मैलांवर. मधल्या रस्त्यावर याद्या करायच्या असतात, चिठ्ठ्या काढायच्या असतात, डॉक्टरने तपासायचं असतं. कोणाला सूट द्यायची ते ठरवायचं, छावणीत ठेवायचं, आणि मग गाडीत बसवून धाडायचं. या मधल्या रस्त्यावर तो माणूस कोणाचा? घरातून निघालेला, म्हणून गावचा राहिलेला नाही. पलटणीत पोचलेला नाही, म्हणून सेनापतीचाही झालेला नाही.

शेतकऱ्याला हे चटकन कळेल. धरणात पाणी आहे, आवर्तन सुटलंय, पण कालव्यातलं पाणी नक्की कोणाचं? पाटबंधारे खातं म्हणतं आमचं, आम्ही पाळी ठरवू. पाणीवापर संस्था म्हणते आमच्या चारीला आधी. आणि टेलच्या शेतकऱ्याचा ऊस करपत असतो. रात्री तो बॅटरी घेऊन जातो आणि वरचं दार स्वतःच उघडतो. चोरी म्हणा नाहीतर गरज म्हणा, पण त्या रात्री खात्याचा कागद आणि कालव्यातलं पाणी यांचा संबंध तुटतो. भरतीतल्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

## उत्तरेचा कायदा

३ मार्च १८६३ रोजी लिंकन यांच्या सरकारने भरतीचा कायदा केला. २० ते ४५ वयाच्या पुरुषांची नावं यादीत, मग चिठ्ठ्या. ज्याचं नाव निघेल त्याने जायचं, किंवा आपल्याऐवजी दुसरा माणूस द्यायचा, किंवा ३०० डॉलर भरून मोकळं व्हायचं. ३०० डॉलर म्हणजे साध्या मजुराच्या वर्षभराच्या कमाईच्या आसपासची रक्कम. श्रीमंताला सुटायची वाट कायद्यातच लिहिलेली. गरीब का चिडला हे वेगळं सांगायला नको.

हे काम चालवायला वॉशिंग्टनमध्ये एक नवं खातं उभं राहिलं. त्याचा प्रमुख कर्नल जेम्स फ्राय, पदाचं नाव प्रोव्होस्ट मार्शल जनरल. यातल्या ‘जनरल’वर जाऊ नका; आपण त्याला भरतीखात्याचा प्रमुख म्हणू. प्रत्येक मतदारसंघात या खात्याचा एक अधिकारी, जोडीला एक डॉक्टर आणि एक आयुक्त, असं तिघांचं मंडळ.

आता गंमत पाहा. तालुक्याच्या गावी पोस्ट ऑफिस असतं. पोस्टमास्तर बसतो तालुक्यातच, पण तहसीलदार त्याचा साहेब नसतो. फ्रायची माणसं अशीच होती. न्यूयॉर्क शहरात त्याचा प्रतिनिधी होता कर्नल रॉबर्ट न्यूजंट. त्याच शहरात पूर्व विभागाचा सेनापती, मेजर जनरल जॉन वूल, मुक्काम ठोकून होता. पण न्यूजंटला हुकूम यायचे ते फ्रायकडून, वूलकडून नव्हे. म्हणजे लोकांना चिडवणारं काम एका खात्याचं, आणि चिडलेल्या लोकांना आवरायचं काम दुसऱ्याचं.

## १३ जुलैची सकाळ

शनिवारी, ११ जुलैला, थर्ड अव्हेन्यू आणि ४६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कचेरीत चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. दिवस शांत गेला. रविवारी लोकांनी वर्तमानपत्रांत नावं वाचली, गुत्त्यांमधून चर्चा रंगली. सोमवारी सकाळी जमावाने कचेरी फोडली आणि जाळली. ती जाळणाऱ्यांत एका अग्निशमन कंपनीची माणसंही होती, कारण त्यांच्यातल्याच काहींची नावं चिठ्ठीत निघाली होती.

बंदोबस्ताला पाठवलेली सैन्याची पहिली तुकडी जखमी आणि अधू सैनिकांची होती, पन्नासेक माणसांची. ती जमावाने झोडपून काढली. पोलीस अधीक्षक केनेडी साध्या वेशात पाहणी करायला गेले, तर त्यांना ओळखून बेदम मारलं. शहराची मिलिशिया पलटण जागेवर नव्हती. मिलिशिया म्हणजे राज्याची स्वतःची अर्धवेळ फौज, साधारण होमगार्डचा थोरला भाऊ. दक्षिणेच्या जनरल लीने पेनसिल्व्हेनियावर चाल केली म्हणून ही मंडळी तिकडे गेली होती. गेटिसबर्गची लढाई संपून जेमतेम दहा दिवस झाले होते.

आणि अशा वेळी शहरात किती साहेब होते? न्यूजंट, ज्याचा वरिष्ठ वॉशिंग्टनमध्ये. वूल, विभागाचा सेनापती, वय ७९. चार्ल्स सँडफर्ड, राज्याच्या मिलिशियाचा मेजर जनरल, जो राज्यपालांना उत्तरदायी. आणि राज्यपाल सीमोर तर या भरतीच्या उघड विरोधात. शिवाय पोलीस, ज्यांचं नियंत्रण एका वेगळ्याच आयुक्त मंडळाकडे. बंदरातल्या किल्ल्यांवरच्या केंद्रीय सैन्याचा प्रमुख होता हार्वे ब्राउन. तो वूलच्या हाताखाली होता, म्हणून मी त्याला पाचवा साहेब धरत नाही. पण खरी ठिणगी त्याच्यापाशीच पडली.

## ब्रेव्हेट म्हणजे काय, आणि त्यावरून एवढं काय?

ब्राउन ब्रेव्हेट ब्रिगेडियर जनरल होता. ब्रेव्हेट म्हणजे पराक्रमाबद्दल दिलेलं मानाचं पद. कागदावर तो ब्रिगेडियर, नेमणूक मात्र तोफखान्याच्या कर्नलची. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तसं. पण माणूस पक्का, नियमित सैन्यात अख्खं आयुष्य घालवलेला, सत्तरीकडे झुकलेला.

सोमवारी वूलने ठरवलं की शहरातली सगळी कारवाई सँडफर्डच्या हाताखाली चालेल. सँडफर्ड मेजर जनरल, ब्राउन ब्रिगेडियर. हिशोब सरळ दिसतो. ब्राउनने मात्र नकार दिला. राज्याच्या मिलिशियाचा अधिकारी, तोही केंद्राच्या सेवेत रीतसर दाखल न झालेला, माझ्या केंद्रीय सैनिकांना हुकूम कसा देणार, असं त्याचं म्हणणं. त्याने आपल्याला मोकळं करा अशी मागणी केली आणि वूलने त्याला खरंच मोकळं केलं. शहर जळतंय आणि हाताशी असलेल्यांत सर्वांत अनुभवी अधिकारी घरी! काही तासांनी ब्राउन परत आला, मला घ्या म्हणाला, आणि वूलने त्याला घेतलंही.

हे पोरकट वाटतं. अर्धं आहेही. पण उरलेलं अर्धं नीट पाहायला हवं. समजा गावात आग लागली आणि साखर कारखान्याचा बंब आला. सरपंच चालकाला सांगतो, गाडी माझ्या वाड्याकडे घे. चालक म्हणतो, मला कारखान्याच्या साहेबांचा हुकूम लागतो. चालक हट्टी आहे का? बंबाचं पाणी संपलं, गाडी पेटली, माणूस दगावला, तर उद्या जाब सरपंच देणार नाही, कारखाना देणार आहे. सैन्यात तर प्रश्न गोळी झाडण्याचा. गर्दीवर गोळी चालवायचा हुकूम बेकायदा माणसाने दिला, तर झाडणारा शिपाई खुनी ठरू शकतो. म्हणून ‘तुम्ही कोण हुकूम देणारे?’ हा प्रश्न सैनिकाच्या तोंडी उद्धटपणाचा नसतो.

ब्राउनचा मुद्दा नियमाला धरून होता, असं मला वाटतं. चुकला तो वेळ निवडण्यात. आणि वूल त्याहून जास्त चुकला. ज्या सेनापतीला आपल्या शहरात कोणाची फौज कोणत्या कायद्याखाली उभी आहे हे आदल्या आठवड्यात माहीत नसतं, त्याने दंगलीच्या दिवशी पदांची उतरंड लावायला बसू नये.

## मग प्रत्यक्षात काय झालं?

दोन मुख्यालयं झाली. सँडफर्ड सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या राज्याच्या शस्त्रागारात बसला. पुष्कळशी फौज त्याने त्या इमारतीच्या राखणीलाच ठेवली, अशी टीका पुढे त्याच्यावर झाली. ब्राउन मलबेरी स्ट्रीटवरच्या पोलीस मुख्यालयात जाऊन बसला, आयुक्त थॉमस ॲक्टन यांच्या शेजारी. हा निर्णय मोलाचा ठरला. शहरभरच्या पोलीस ठाण्यांच्या तारा तिथे येत होत्या. कुठे जमाव जमला हे कळायचं पोलिसांना आणि बंदुका होत्या सैनिकांकडे. दोघे एका खोलीत आले आणि तुकड्या नेमक्या जागी निघू लागल्या. तिथे कोण कोणाच्या हाताखाली, हे कोणी विचारत बसलं नाही. कागदावर न सुटलेला प्रश्न दोन खुर्च्यांनी सोडवला.

पण तोवर फार उशीर झाला होता. सोमवारी दुपारीच फिफ्थ अव्हेन्यूवरचं कृष्णवर्णीय मुलांचं अनाथालय जमावाने लुटून जाळलं. आतली दोनशेहून अधिक मुलं मागच्या बाजूने बाहेर काढली म्हणून वाचली. गुलामगिरीविरुद्धच्या युद्धाचा राग शहरातल्या कृष्णवर्णीयांवर निघत होता. कित्येकांना ठेचून, फासावर टांगून मारलं. मंगळवारी कर्नल हेन्री ओब्रायन या अधिकाऱ्याला त्याच्याच वस्तीत हाल करून मारण्यात आलं. चार दिवसांत मेलेल्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. पेनसिल्व्हेनियातून पलटणी परत आल्या तेव्हा, १६ तारखेच्या सुमारास, दंगल विझली.

वूलच्या जागी जनरल डिक्स आले, ब्राउनच्या जागी कॅनबी. वूल आणि ब्राउन दोघेही एकाच दिवशी, १ ऑगस्ट १८६३ ला, निवृत्त झाले.

राज्यपाल सीमोर यांनी भरती थांबवा अशी लिंकनना विनंती केली. लिंकननी नकार दिला. १९ ऑगस्टला चिठ्ठ्या पुन्हा निघाल्या, तेव्हा शहरात दहा हजारांच्या आसपास सैनिक होते आणि सगळे एकट्या डिक्सच्या हुकमाखाली. एक दगड पडला नाही. अर्थात, शहराने कर्ज काढून गरिबांच्या ३०० डॉलरची सोय करायचं ठरवलं होतं, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे. फक्त बंदुकांना श्रेय देणारे हा भाग विसरतात.

## ‘मग भरतीही एकाच सेनापतीच्या हाती द्यायची ना?’

हा आक्षेप रास्त आहे. न्यूयॉर्कचा धडा एक शहर, एक हुकूम असा असेल, तर ज्याला माणसं हवीत त्यालाच ती गोळा करू द्या, मधलं खातं कशाला? दक्षिणेत नेमकं हेच करून पाहिलं गेलं.

दक्षिणेने सक्तीची भरती उत्तरेच्या आधी, एप्रिल १८६२ मध्ये, आणली होती. राजधानी रिचमंडमध्ये भरतीचं खातं होतं. १८६३ च्या उन्हाळ्यापासून त्याचा प्रमुख जॉन प्रेस्टन. खात्याची रीत सरकारी: प्रत्येक काउंटीत अधिकारी, यादी, वैद्यकीय तपासणी, सूट मागणारे अर्ज, प्रशिक्षण छावणी, आणि मग माणूस पलटणीला. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका.

टेनेसीतल्या फौजेचा सेनापती ब्रॅक्स्टन ब्रॅग याच्या रांगा १८६३ च्या सुरुवातीच्या लढाईने विरळ झाल्या होत्या. रिचमंडच्या कालव्यातून येणारी धार त्याला पुरेना. त्याने स्वतःचंच भरती कार्यालय काढलं आणि त्यावर गिडियन पिलो या जनरलला बसवलं. हा पिलो आधीच गाजलेला होता, चांगल्या कारणाने नव्हे. १८६२ मध्ये डोनेलसन किल्ला पडत असताना शरणागतीचं काम दुसऱ्यावर सोपवून तो रातोरात निसटला होता. रणांगणावर नको असलेल्या माणसाला भरतीवर बसवायची ही पद्धत फक्त दक्षिणेची नसावी.

पिलोने अर्जबिर्ज बाजूला ठेवले. घोडेस्वारांच्या टोळ्या गावोगाव सोडल्या आणि दिसेल तो धडधाकट माणूस उचलायला सुरुवात केली. त्यात पलटणीतून पळून आलेले सैनिकही बरेच होते. रिचमंडने हे थांबवायला सांगितलं. पण उन्हाळ्यात जनरल जोसेफ जॉन्स्टन याच्या पाठबळाने पिलो पुन्हा उभा राहिला आणि टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी हा पट्टा त्याच्या हाती गेला. म्हणजे एकाच देशात भरतीच्या दोन रीती. प्रेस्टनचं म्हणणं, कायदा माझ्या खात्याला अधिकार देतो आणि हा माणूस लोकांना गुरांसारखं हाकतो. सेनापतींचं म्हणणं, तुमचे कारकून सूट मागणारे अर्ज तपासत बसतात तोवर आमच्या रांगा रिकाम्या होतात.

## कोण बरोबर होतं?

आकडे मोजायचे तर माणूस लवकर पोचायचा तो पिलोकडून. पण टेलच्या शेतकऱ्याने दार उघडलं की त्याचा ऊस वाचतो आणि मधल्या दहा जणांचा जातो, हे विसरू नका. घोडेस्वाराने उचललेल्यांत गावचा एकमेव लोहार असायचा. बूट शिवणारा असायचा, गिरणीवाला असायचा. आघाडीवरच्या सेनापतीला ते दिसत नाही. त्याला दिसते रिकामी रांग. सूट कोणाला द्यायची हे ठरवणं म्हणजे युद्धाच्या मागची अर्थव्यवस्था चालवणं, आणि ते काम त्या युद्धाने सर्वांत जास्त घाईला आलेल्या माणसाकडे देणं धोक्याचं.

पण रिचमंडचं खातंही धुतल्या तांदळाचं नव्हतं. सूट देण्याचे नियम श्रीमंतांना पोषक होते. वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला सूट, हा नियम तर कुप्रसिद्ध झाला. जॉर्जियाचे राज्यपाल जोसेफ ब्राउन यांनी तिसरंच दार उघडलं: राज्याच्या मिलिशियाचे हजारो ‘अधिकारी’ नेमले आणि अधिकारी म्हणून त्यांना भरतीतून वगळलं. लोक त्यांना ‘जो ब्राउनचे लाडके’ म्हणायचे. खातं आणि सेनापती एकमेकांना पत्रं लिहीत असताना अशा फटींतून माणसं गळत होती.

पुढे पिलोची राज्यं रिचमंडच्या खात्याकडे परत आली, पण विश्वास परत आला नाही. मार्च १८६५ मध्ये दक्षिणेने भरतीखातंच बरखास्त केलं आणि काम राज्याराज्यांतल्या राखीव दलाच्या जनरलांकडे दिलं. महिनाभरात लीने शरणागती पत्करली.

## ‘आपल्याला याचं काय?’

भारतात सक्तीची लष्करभरती नाही. २०२२ पासूनची अग्निपथ योजनाही स्वेच्छेची आहे. पण न्यूयॉर्कमधला ब्राउन-सँडफर्ड प्रश्न आपल्याकडेही उभा राहतो. दंगलीत सैन्य बोलावलं, तर त्याला हुकूम कोणी द्यायचा? कलेक्टरने, एसपीने की सैन्याच्याच अधिकाऱ्याने? आपल्या कायद्याने याचं उत्तर आधीच लिहून ठेवलंय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३०, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४९. दंडाधिकाऱ्याने सैन्याच्या अधिकाऱ्याला जमाव पांगवायला सांगायचं. कसा पांगवायचा ते त्या अधिकाऱ्याने ठरवायचं, आणि शक्य तितकं कमी बळ वापरायचं. काय करायचं ते एकाने सांगायचं, कसं ते दुसऱ्याने. वूलकडे अशी एक ओळ असती तर ब्राउनचे ते काही तास वाचले असते.

## अमेरिका यातून काही शिकली का?

शिकली, पण पन्नास वर्षांनी. फ्रायच्या खात्याने चार वेळा चिठ्ठ्या काढल्या आणि ७,७६,८२९ नावं निघाली. त्यांतले स्वतः सैन्यात गेले ४६,३४७. बाकीच्यांनी पैसे भरले, बदली माणूस दिला, तपासणीत सुटले, नाहीतर आलेच नाहीत. एवढ्या खटाटोपानंतर हा हिशोब!

युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये इलिनॉयमधला फ्रायचा प्रतिनिधी, कर्नल जेम्स ओक्स, याने एक सविस्तर अहवाल लिहिला. त्यातली एक सूचना फार साधी होती: गणवेशातले अधिकारी दारोदार यादी करत फिरवू नका, त्याने माणूस बिथरतो, लोकांनाच नेमल्या जागी येऊन नाव नोंदवायला सांगा. अहवाल धूळ खात पडला.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा भरतीची जबाबदारी जनरल एनॉक क्राउडर याच्याकडे आली आणि त्याने तो अहवाल बाहेर काढला. बदली माणूस देण्याची पळवाट नव्या कायद्याने बंद केली. सूट कोणाला, हे ठरवायचं काम साडेचार हजारांहून जास्त स्थानिक मंडळांकडे गेलं, आणि त्यांत बसली गावातलीच ओळखीची माणसं. सेनापतीने किती हवेत तेवढं सांगायचं, कोण जाईल ते मंडळाने. ५ जून १९१७ रोजी २१ ते ३० वयाचे ९५ लाखांहून जास्त पुरुष आपल्या नेहमीच्या मतदान केंद्रावर गेले आणि रांगेत उभं राहून त्यांनी नाव नोंदवलं. टेबलामागे बसून ते लिहून घेणारे बहुतेक त्यांचेच शेजारी होते.